वाचून दाखविला, बरोबर आहे

महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस ठाण्यात जा, जबाबाच्या कागदावरची शेवटची ओळ ठरलेली असते. 'माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' त्याखाली सही किंवा अंगठा. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या आमच्या मोहल्ल्यात मास्तर म्हणजे कागद वाचणारा माणूस. वीजबिलापासून झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नोटिशीपर्यंत सगळे कागद आमच्या दारात येतात आणि त्यांत ठाण्याचेही असतात. ज्याच्या नावाने ही ओळ लिहिलेली आहे त्याला आम्ही विचारतो, 'वाचून दाखवलं होतं का?' उत्तर नेहमी एकच. 'नहीं सर, बोले साइन कर, तो कर दिया.'

या ओळीवरून आम्हाला आज भांडायचे आहे. पोलिसांशी भांडण आहेच, पण त्याहून मोठे भांडण आपल्याच माणसांशी आहे. आम्ही ज्या पेशात आहोत त्या पेशाशीही आहे.

आपल्या विशेषांकांतून आणि संमेलनांच्या ठरावांतून पोलीस हा विषय येतो तो मोठ्या घटनांच्या निमित्ताने. १९९२-९३ ची मुंबई येते. १९९८ चा न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल येतो, त्यात नावानिशी दोष दिलेल्या पोलिसांचे पुढे काय झाले हा सवाल येतो. २००६ चा मालेगावचा स्फोट येतो, ज्यात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना आरोपमुक्त व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. हे सगळे लिहिलेच पाहिजे, लिहीत राहिले पाहिजे. पण मोठ्या शहरातल्या सामान्य मुसलमानाचा पोलिसांशी रोजचा संबंध येतो तो फार किरकोळ गोष्टींतून. हातगाडी कुठे लावली. भाडेकरूची माहिती ठाण्यात का दिली नाही. रिक्षाचा धक्का लागून झालेली बाचाबाची. हरवलेल्या मोबाइलचा दाखला. पासपोर्टची पडताळणी. रात्री साडेअकराला नाक्यावर बसलेली पोरे. सण किंवा निवडणूक आली की घरी येणारी नोटीस. '१४९ ची नोटीस' म्हटले की आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्या नोटिशीचा आकडा १६८ झाला. हा बदल मोहल्ल्यात किती जणांपर्यंत पोहोचला? या रोजच्या कायद्यावर आपल्या पानांत एक ओळ सापडत नाही. दंगलीवर कविता होते, नोटिशीवर होत नाही, हे आम्हाला समजते. पण माणूस तुरुंगात जातो तो बऱ्याचदा नोटिशीच्या रस्त्यानेच जातो.

नवा कायदा लागू झाला त्याच वर्षाच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाची आई शाळा सुटताना फाटकाशी उभी होती. पदराच्या गाठीत घडी केलेला कागद.

'सर, ये देखो ना, क्या लिखेला है?'

'आपा, कब आया ये?'

'जुम्मे को. बड़े लड़के के नाम पे आया. वो तो डर के भिवंडी चला गया, खाला के घर.'

कागद मराठीत होता. संहितेच्या कलम ३५(३) खालील सूचनापत्र, जुन्या कायद्यातले ४१ अ. अमुक तारखेला चौकशीकामी हजर राहा, एवढाच मजकूर. दोन गटांतल्या मारामारीचा गुन्हा, सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा. अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असे कायदा सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली अर्णेश कुमार प्रकरणात ते खडसावून सांगितले आहे. नोटीस पाळून हजर राहणाऱ्याला, अधिकाऱ्याने लेखी कारण नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. नोटीस न पाळणाऱ्याला मात्र करता येते. म्हणजे हा कागद त्या मुलाची ढाल होता, आणि तोच पाहून तो पळून गेला होता. शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत तो कागद त्या घरात कुणीच वाचला नव्हता. घरात पाच माणसे, त्यातली तिघे दहावीपर्यंत गेलेली, तिघेही उर्दू माध्यमाची. मोहल्ल्यातल्या एका 'भाई'ने मात्र न वाचताच सांगितले होते, दहा हजार लागतील, वरती द्यावे लागतात.

हजर राहण्याची तारीख बुधवारची होती. मुलगा रात्रीच्या एसटीने परत आला, सकाळी वकिलाबरोबर ठाण्यात गेला, दुपारी घरी जेवायला होता. एक पैसा लागला नाही. त्या भाईने त्यानंतर आमचा सलाम घेणे बंद केले आहे.

हा भाई आम्हाला पोलिसांपेक्षा जास्त खुपतो. ठाण्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर तो बसलेला असतो. कधी त्याच्याकडे एखाद्या संघटनेचे लेटरहेड असते, कधी शांतता समितीचे ओळखपत्र, कधी नुसताच ठाण्यातल्या दोन-चार जणांशी असलेला दोस्ताना. त्याचा सगळा धंदा एका गोष्टीवर चालतो. समोरच्याला मराठी वाचता येत नाही. ठाण्याची भाषा आणि मोहल्ल्याची भाषा यांच्यामध्ये जी फट आहे तिचे तो भाडे वसूल करतो. आणि हाच माणूस उर्दूच्या जलशात पहिल्या रांगेत बसतो, 'उर्दू हमारी तहज़ीब है' म्हणून मान डोलावतो. उर्दू आमची तहजीब आहे याबद्दल वाद नाही. आम्ही तिचीच रोटी खातो. पण तहजिबीच्या नावाखाली आमच्या पोरांना मराठीत निरक्षर ठेवण्यात कुणाकुणाचा फायदा आहे, याचा हिशोब एकदा झाला पाहिजे.

आता आमचा स्वतःचा गुन्हा. तो सांगितल्याशिवाय दुसऱ्याला बोलायचा आम्हाला अधिकार नाही.

२०१६ सालची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास गल्लीत पोलिसांची गाडी आली. चोरीच्या मोबाइलच्या तपासात एका घराची झडती घ्यायची होती आणि पंच हवे होते. कायद्यात म्हटले आहे की झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, त्यांच्यासमोर झडती व्हावी, सापडलेल्या वस्तूंची यादी व्हावी आणि तिच्यावर त्यांनी सही करावी. प्रतिष्ठित म्हणून गल्लीत सापडलो आम्ही. खोलीत आम्ही गादीवर तीन मोबाइल पाहिले. मग हवालदाराने बाहेर गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवले. पहिल्या पानावर मजकूर होता, दुसरे पान अर्धे कोरे. आम्ही म्हणालो, 'जरा वाचून बघतो.' ते म्हणाले, 'मास्तर, एवढ्या अंधारात काय वाचताय? उद्या शाळा असेल तुमची. सही करा नि झोपा.' आवाजात धमकी नव्हती, उलट आपुलकीच होती. आम्ही बी.एड. झालेले. घर मूळचे महाडकडचे. घरात कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी अशा तीन भाषांत वाढलेलो. मराठी आम्हाला वाचता येत होते. आम्ही न वाचता सही केली. आधी पहिल्या पानावर, मग त्या अर्ध्या कोऱ्या पानावर.

तीन वर्षांनी न्यायालयाचे समन्स आले. साक्षीच्या पिंजऱ्यात पंचनामा दाखवला तेव्हा त्यात सात मोबाइल होते. सही आमचीच होती. आरोपीच्या वकिलाने विचारले, 'सही करण्यापूर्वी तुम्ही पंचनामा वाचला होता?' आम्ही म्हणालो, 'नाही.' 'किती मोबाइल पाहिले?' 'तीन.' सरकारी वकिलाने आम्हाला फितूर जाहीर करून घेतले. पुढे तो मुलगा सुटला. मोहल्ल्यात आमची वाहवा झाली, त्याच्या अम्मीने मिठाई पाठवली, लोक म्हणाले सरांनी हिंमत दाखवली. ती मिठाई आमच्या घशाखाली उतरली नाही. त्या मुलाने दरम्यान आठ महिने तुरुंगात काढले होते, जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळाला नव्हता. त्याची बारावीची परीक्षा हुकली, ती नंतर त्याने दिलीच नाही. बॉनेटवरच्या त्या दोन पानांवर आम्ही पाच मिनिटे घालवली असती आणि 'साहेब, तीन लिहा' असे म्हटले असते, तर कदाचित एवढे झाले नसते. हिंमत दाखवायची वेळ तेव्हाची होती. न्यायालयात तर खरे बोलण्याची शपथच घातलेली असते, तिथे खरे बोलण्यात बहादुरी कसली?

आज नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, अगदी यादी करून त्यावर पंचांच्या सह्या घेण्यापर्यंत. चांगली गोष्ट आहे. पण कॅमेऱ्यात सही करताना दिसणारा माणूस वाचतो आहे की नाही, हे कॅमेऱ्याला कळत नाही.

सहीबद्दल एक गोष्ट तर अशी आहे की ती ऐकून आमचे सहकारी शिक्षकही थक्क होतात. तपासात पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतात, जुन्या कायद्यातला १६१ चा, आताचा कलम १८० चा, त्यावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. कायदाच तसे म्हणतो, पूर्वी कलम १६२, आता १८१. फिर्याद वेगळी. फिर्यादीवर फिर्यादीची सही लागते, ती त्याला वाचून दाखवायची असते आणि तिची प्रत मोफत द्यायची असते. पण साक्षीदाराच्या जबाबावर सही नाही. तसेच पोलिसापुढे दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. ही नियमावली कुणी केली? इंग्रजांनी. स्वतः राज्य करणाऱ्या परक्या सरकारलाही ठाऊक होते की ठाण्याच्या चार भिंतींत घेतलेल्या सहीवर विसंबता येत नाही. आणि आम्ही स्वतंत्र देशाचे नागरिक त्या सह्या आनंदाने देत सुटलो आहोत.

मोक्कासारख्या कायद्याने या नियमाला भोक पाडले. त्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्याचा मोठा आधार असेच कबुलीजबाब होते. २०१५ साली खालच्या न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब अग्राह्य ठरवले आणि सर्वांना निर्दोष सोडले. १९ वर्षे गेली. त्यातला एक जण निकालापूर्वी तुरुंगातच मरण पावला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. आणि स्फोटात जी माणसे गेली त्यांच्या घरच्यांना न्याय मिळायचा तो राहिलाच. खोट्या कागदावर उभ्या राहिलेल्या खटल्यात त्यांचीही फसवणूक होते. हे आपल्या लेखांत फार क्वचित येते आणि यायला हवे.

त्याच खटल्यातले तेरावे आरोपी अब्दुल वाहिद शेख २०१५ सालीच निर्दोष सुटले होते. ते आमच्यासारखेच शाळामास्तर. तुरुंगात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक उर्दूत लिहिले. आम्हाला जे लोक ऐकवतात की 'सर, कानून पढ़ के क्या फ़ायदा, मारने वाला तो मारता ही है', त्यांना आम्ही हे उदाहरण देतो. ते म्हणतात, तरी नऊ वर्षे गेलीच ना? गेली. कायदा वाचल्याने लाठी थांबते असे आम्ही कुठे म्हणतो? पण लाठी उतरल्यावर वैद्यकीय तपासणी मागता येते हे ठाऊक असणारा आणि नसणारा यांच्यात फरक राहतो. अटक झाल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक होत नाही. अपवाद केलाच तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा साठीच्या वरच्या म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यावे लागते. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर ती नोंदवावीच लागते, हे पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवले आहे. नव्या संहितेने तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नोंदीपूर्वी १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची पळवाट ठेवली आहे खरी, पण तिला वरिष्ठांची परवानगी लागते. १५१०० हा विधी सेवेचा मोफत क्रमांक आहे, आणि कोठडीतल्या माणसाला व कोणत्याही बाईला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे सगळे एका पानावर मावते. ते पान आपल्या मशिदींच्या फलकावर, जिथे चंद्रदर्शनाची आणि चंद्याची सूचना लागते, तिथे कधी लागलेले पाहिले आहे का?

आता भाषेचा मुद्दा. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, वरळीच्या मोटार अपघाताच्या, महत्त्वाचा निर्णय दिला. अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, मग रिमांडसाठी न्यायालयात नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदेशीर. मोठ्या घरातल्या आरोपीच्या प्रकरणातून गरिबाच्या हाताला हे लागले, कायद्यात असे घडते. या निर्णयाची बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीचे एक उर्दूप्रेमी म्हणाले, 'चला, झाले काम. आता पोलिसांनीच उर्दूत लिहून द्यायचे. मराठीची सक्ती कशाला?'

हक्क आहे, तो मागायचाच. पण जरा पुढे पाहू या. अटकेची कारणे हा एक कागद झाला. फिर्याद, जबाब, पंचनामा, चॅप्टर केसची नोटीस, दोषारोपपत्र, हे सगळे मराठीतच राहणार आहे. राज्याची राजभाषा मराठी आहे, ठाण्याचे दप्तर मराठी आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे की दोषारोपपत्र आरोपीला न समजणाऱ्या भाषेत आहे एवढ्यानेच ते बेकायदेशीर होत नाही. भाषांतराचा प्रश्न येतो तो आरोपी आणि वकील दोघांनाही ती भाषा येत नसेल तेव्हा. आणि रात्री दोन वाजता ठाण्यात उर्दू लिहिणारा कोण बसला आहे? तोच टपरीवरचा भाई दुभाषा म्हणून आत येईल आणि त्याचा दर वाढेल.

चॅप्टर केसचे नाव घेतले म्हणून सांगतो. गुन्हा शाबीत झालेला नसतो, पण पुढे शांततेचा भंग करशील म्हणून वर्षभर नीट वागण्याचे बंधपत्र घेतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या मुंबईसारख्या शहरात हे प्रकरण ज्याच्यासमोर चालते तो विशेष कार्यकारी दंडाधिकारी हाही पोलीस अधिकारीच असतो. अहवाल पोलिसाचा, सुनावणी पोलिसापुढे. तिथे आपली पोरे वकिलाशिवाय उभी राहतात आणि कागद न वाचता बंधपत्रावर सही करतात. वर्षाच्या आत पुन्हा काही झाले की तेच बंधपत्र अंगावर येते, आणि पुढे तडीपारीच्या प्रस्तावात त्याचाच दाखला निघतो. यावर एखाद्या संमेलनात परिसंवाद झालेला आमच्या पाहण्यात नाही.

आणि मराठीची भीती तरी किती खोटी आहे! गेल्या वर्षी आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर ठाण्यातले शब्द लिहिले. फिर्याद, जबाब, इसम, मजकूर, नमूद, सबब, हजर, रुजू, जप्ती, मुद्देमाल, जामीन, मुचलका, कैद, तारीख, हवालदार, शिपाई. मुलांना म्हणालो, यांतले अवघड शब्द सांगा. वर्ग बघतच राहिला. एक मुलगा उठून म्हणाला, 'सर, ये तो सब उर्दू है!' दुसरा हसायला लागला. 'सर, सदर इसम? इस्म तो नाम होता है ना?' शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण फौजदाराच्या दप्तरातली फारसी काही हलली नाही. म्हणजे ज्या भाषेला आमची मुले परकी समजून घाबरतात तिचा अर्धा कोश त्यांच्या आजीच्या तोंडात आहे. लिपी हिंदीच्या तासामुळे येतेच. राहिली 'चा, ची, चे' आणि क्रियापदे. दोन वर्षांचे काम आहे.

ते होत नाही याला जबाबदार आम्ही शिक्षक आहोत. उर्दू शाळेत मराठीचा तास म्हणजे गाईडमधली उत्तरे फळ्यावर लिहून वहीत उतरवून घेणे. मुलगा दहावीला मराठीत पास होतो आणि घरी आलेली नोटीस वाचू शकत नाही. २०२० साली राज्याने मराठी सक्तीचा कायदा केला, म्हणून तपासनीस येऊन वेळापत्रकात तास आहे की नाही ते पाहतात. तासात काय होते ते कुणी पाहत नाही. रस्त्यावर मराठीसाठी थपडा मारणारेही आमच्या शाळेत एक मराठी पुस्तक घेऊन कधी आलेले नाहीत. पण त्यांच्या नावाने बोटे मोडून आमचा तास सुधारणार आहे का?

आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. आम्ही वर्गात नोटिशी वाचून घेतो हे कळल्यावर त्यांनी बोलावून विचारले, 'हे अभ्यासक्रमात आहे का?' आम्ही म्हणालो, तक्रारपत्र अभ्यासक्रमात आहे. आम्ही फक्त ते पाणीखात्याऐवजी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना लिहून घेतो. त्यांनी थोडा विचार करून विचारले, यात काही राजकीय तर नाही? आम्ही त्यांना एका मुलीची वही दाखवली. तिने लिहिले होते, 'माझ्या अब्बांची सायकल दिनांक अमुक रोजी चोरीस गेली असून माझी फिर्याद नोंदवून घेऊन मला तिची प्रत विनामूल्य मिळावी.' ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका होत्या. मुख्याध्यापकांनी त्या सहाही दुरुस्त केल्या आणि वही परत दिली.

पोलिसांकडे आमचे मागणे थोडके आहे. 'वाचून दाखविला' ही ओळ लिहिण्यापूर्वी वाचून दाखवा, एवढेच. रायटरला बारा-बारा तासांची ड्युटी असते, समोर माणसांची रीघ असते, हे आम्ही पाहतो. पण ठाण्याठाण्यात कॅमेरे बसवा आणि त्यांचे चित्रण जपून ठेवा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. ज्या दिवशी ती ओळ लिहिली त्या दिवशीचे चित्रण काढले तर ती किती वेळा खरी निघेल, हे ठाण्यातल्यांनाच जास्त चांगले ठाऊक आहे. २०१४ च्या दुरुस्तीने राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. तिथे अर्ज करायलाही मराठी लिहिता यावे लागते, किंवा मग पुन्हा टपरीवर जावे लागते.

आमचे हे म्हणणे आमच्या काही बिरादरांना झोंबेल. पोलिसांना सोडून मास्तर आपल्याच माणसांना झोडतो म्हणतील, उर्दूचा दुश्मन म्हणतील. म्हणोत. ज्यांना पटत नाही त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावे. उर्दूत लिहिले तरी चालेल, मराठी भाषांतर आम्ही करून देऊ. फक्त खाली सही करण्यापूर्वी ते भाषांतर त्यांनी एकदा वाचून घ्यावे.